सामोरी आळीतली गेरूची चौकट

आज ऊन चांगलंच तापलंय. भाद्रपद सरायला आला की असंच होतं, सकाळी ऊन गोड लागतं आणि दुपारी चावतं. पण वारा कोरडा सुटलाय, तेव्हा भिंतींवरचा रंग संध्याकाळपर्यंत वाळेल. बसा इथं ओट्यावर, सावलीला. आळी लांब नाही, पण उभ्या उभ्या बघून कळायची नाही.

ही चित्रं बघताय ना तुम्ही? दळायला बसलेली बाई, हौदावर घागर घासणारी, पायरीवर सुपारी कातरणारे दोघे भाऊ, आणि तोंड उघडं टाकून ओट्यावर झोपलेला तो म्हातारा, म्हणजे मी. यातलं एकही चित्र घरवाल्यानं काढलेलं नाही. आमच्या सामोरी आळीत आपल्या घराची दर्शनी भिंत आपण रंगवत नाही. ती समोरच्यानं रंगवायची, नवरात्र बसायच्या आधी. त्याला आपण जसे दिसतो तसे तो काढणार. आपण गप्प बघायचं. वळचणीखालची जुनी चित्रं मात्र कुणी पुसत नाही, म्हणून वर पगड्या आणि छकडे दिसतात, आणि खाली सायकली आणि गॅसच्या टाक्या.

आता त्या टोकाच्या घराची खिडकी बघा. भोवती गेरूची चौकट आहे आणि आतले काठ वेडेवाकडे फुटलेत. सगळं तिथून सुरू झालं, असं सांगतात.

त्या घरात सटवोजी साळी राहायचा. खिडकीला लागून त्याचा माग होता. समोर राहायचा म्हाळोजी सुतार. देवीला नवरात्रात नेसवायचं लुगडं सटवोजीच्या घरचं असे. त्याच्या आजापासूनचा मान तो. काठावरचे पोपट असे विणायचा की बायका बोट लावून बघायच्या.

मग म्हाळोजीनं आपल्या घराचं तोंड नव्यानं केलं. सागवानी खांब, खांबांवर वेली, तुळईच्या टोकाला पोपट. झालं. सटवोजीकडे आलेलं गिऱ्हाईक लुगडं हातात धरायचं आणि पाठ फिरवून समोरचे खांब बघायचं. एकदा एक नवरीची आई काठ निरखून म्हणाली, "समोरच्या घरावरनं घेतलेत वाटतं पोपट? छान उतरलेत हो."

त्या दिवसापासून सटवोजीला जेवण गोड लागेना. विणताना मान वर केली की ते खांब. धोटा फेकला की ते पोपट. त्यांच्यावर कावळा बसला तरी बरं वाटायचं म्हणे त्याला. शेवटी ऐन भाद्रपदात, देवीचं लुगडं मागावर असताना, त्यानं विटा आणल्या आणि खिडकी बुजवून टाकली.

बायको सगुणा म्हणाली, "अहो, उजेड कुठनं येणार?"

"दिवा आहे."

"दिव्यात हिरवं आणि निळं एकच दिसतं."

"मला नाही दिसत एक."

पण दिसत होतं. सूत तुटायला लागलं. विणलेलं उसवायचं, परत विणायचं. नवरात्र जवळ आलं आणि अर्धा काठही धड झाला नाही. देवळातून निरोप आला की जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या पेठेतला साळी तयार आहे. सगुणा म्हणाली, "आता डोळे मिटूनच विणा. नाहीतरी तेच चाललंय." त्यावरही त्यानं खिडकी उघडली नाही. मत्सर असाच असतो बघा. आपला मान जाईल, पण त्याचे खांब दिसायला नकोत.

इकडे म्हाळोजी पहिल्यांदा हसला. पण मग त्याचंही चित्त लागेना. रोज मागाच्या ठेक्यावर त्याचा पटाशीवरचा हात चालायचा. आता तो आवाज अडखळत यायचा, मध्येच बंद पडायचा. आणि एवढं नटवलेलं घर, त्याच्यापुढे नुसती आंधळी भिंत.

एके दिवशी उजाडताना सटवोजीला बाहेर खरखर ऐकू आली. तो धावत बाहेर आला. म्हाळोजी गेरू, चुना आणि काजळी घेऊन त्याच्या भिंतीवर काहीतरी काढत होता. बुजवलेल्या खिडकीच्याच जागी त्यानं खिडकी काढली होती, गेरूच्या चौकटीची. आत माग, आणि मागावर वाकलेला सटवोजी.

"माझी थट्टा करायला माझीच भिंत सापडली होय रे?"

"थट्टा कसली? रोज हेच बघत होतो मी. बघून जळत होतो. तुळईवरचे पोपट तुझ्या काठावरनं चोरलेत मी. पण तुझे वाऱ्यावर हलतात, माझे मेले लाकडाचेच राहतात."

सटवोजी बघतच राहिला. आपण विणताना कसे दिसतो ते त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"मग झाकली तर बरंच झालं की तुझं," तो म्हणाला.

"काय बरं झालं? तू विणायचा थांबलास तर मी कुणावर जळू?"

सटवोजी आत गेला आणि पहार घेऊन आतूनच विटांवर घाव घालायला लागला. चित्रातला सटवोजी विटांबरोबर खाली पडला, चौकट तेवढी राहिली. ऊन थेट मागावर आलं. काठावरचे दोन पोपट निळे झाले होते, ते आत्ता दिसले. तेवढे त्यानं उसवले, आणि मग धोटा थांबला नाही. घट बसले तेव्हा देवी त्याचंच लुगडं नेसली होती, असं सांगतात.

आजही नवरात्राआधी भिंत रंगवून झाली की समोरचा आपल्या ओट्यावर जाऊन उभा राहतो आणि घरवाला खिडकीतून डोकं बाहेर काढतो. समोरच्यानं काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. आळीत आता एकही माग नाही, तरी तेच म्हणतात. त्या सकाळी पहार टाकून, केसांत विटांचा चुरा घेऊन सटवोजी भगदाडातून डोकावला, तेव्हा म्हाळोजी त्याला म्हणाला होता, "बाजूला सर जरा. माग दिसत नाही."