रांजणातला हिवाळा

ऐका मंडळी, आधी एक विचारतो. घरात दुखणं आलं तर भरवसा कुणावर ठेवाल? काढा विकणाऱ्यावर? तो काढ्याचेच गुण गाणार. शेजारणीवर? ती आपल्या माहेरचं औषध पुढे करणार. की उशाशी बसून कपाळावर हात ठेवणाऱ्या माणसावर? उत्तराची घाई करू नका. गोष्ट ऐका, मग बोला.

एका राज्यात राजा सुबंधू राज्य करी. त्याच्या किल्ल्याच्या तळघरात तांब्याचा रांजण होता आणि रांजणात हिवाळा होता. कालकंठ मांत्रिकाने तो राजाच्या आजोबांकडे ठेव म्हणून सोपवला होता. सोपवताना एवढंच बोलला, "सांगून मागाल तर देईन. लपवून काढाल तर ज्याला पाजाल त्याच्या छातीत बसेल, आणि निसटलेला नगराच्या नाकात." रांजणावर मेणाची मोहोर, दाराशी भाला घेऊन द्वारपाल रणोजी.

त्या साली वैशाख असा तापला की विहिरीतली कासवं काठावर येऊन माणसांकडे सावली मागू लागली. राजकन्या मंजुळा, अजून दुधाचे दात न पडलेली पोर, रडून रडून कोमेजली. माठातलं पाणीसुद्धा कोमट. राणी सौदामिनीला ते बघवेना. भर दुपारी ती तळघरात उतरली. रणोजीने भाला आडवा धरला.

"राणीसाहेब, हुकूम नाही."

"लेकरू तळमळतंय, रणोजी. एकच वाटी."

रणोजीलाही लेकरं होती. त्याने भाला बाजूला घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

वाळ्याच्या सरबतात ती थंडी पडली, मंजुळेने वाटी तोंडाला लावली आणि खुदकन हसली. तिन्हीसांजेला तिला पहिली शिंक आली. उजाडेपर्यंत सारं नगर शिंकत होतं.

बाहेर ऊन आग ओकतंय आणि माणसं घोंगड्या पांघरून नाकं पुसताहेत, असली ती उन्हाळी सर्दी! आणि त्या राज्याची रीत अशी, की कुणी घराबाहेर निघताना शिंक आली तर परत फिरायचं, पाटावर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं. आता निघताना कुणी ना कुणी शिंकेच. पुन्हा पाट, पुन्हा पाणी, पुन्हा शिंक. धान्याच्या गाड्या जुंपलेल्याच राहिल्या. पाणके घरात बसले आणि घरोघरचे पाण्याचे रांजण कोरडे पडले. म्हातारी माणसं गेली, तर तिरड्यासुद्धा उंबऱ्याशी अडल्या आणि खांदेकरी पाटावर.

राजाने तळघर पाहिलं. मोहोर फुटलेली.

"रणोजी, कुणी फोडली?"

रणोजीने एकवार राणीकडे पाहिलं. राणीने मान खाली घातली. "माझ्या पहाऱ्यात फुटली, महाराज," रणोजी म्हणाला.

त्याला कडेलोटाची शिक्षा झाली. त्याला वाड्याबाहेर नेलं तेव्हा मात्र कुणीच शिंकलं नाही.

इकडे मंजुळेची छाती घरघरू लागली. राजवैद्यांनी तुळस, आलं, ज्येष्ठमध घालून काढा आटवला. राजाच्या आत्याबाईंनी तव्यावर ओवा भाजून पुरचुंडीने छाती शेकली. सुईणीने वेखंड उगाळून कपाळाला लावलं. तिन्हींनी गुण यायचा. दुपारपर्यंत पोर उठून बसायची, आणि खाली भांडण जुंपायचं.

"गुण माझ्या ओव्याचा! वैद्यबुवांचा काढा धोतरं रंगवायला बरा."

"आत्याबाई, ओव्याने ढेकर येतात, श्वास नव्हे."

"आणि माझं वेखंड काय शोभेला लावलंय?"

मग वैद्य राणीला विचारीत, "पथ्य पाळताय ना? गार काही नाही ना दिलं?"

"पाळतेय."

पण दिवेलागणीला मंजुळेचा घसा जळे. "आई, तेच गार दे ना." आणि राणी वाटी घेऊन तळघरात उतरे. अडवायला आता तिथे कुणी नव्हतं.

एके सकाळी पोरीचे ओठ निळे पडले. खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. आवाज त्याचाही बसला होता.

"राणी, औषधं खरी आहेत. पथ्य खोटं आहे."

राणीच्या हातातली वाटी गळून पडली. "उपाय सांग."

"कालकंठाच्या गुहेत जा. वाटेत तीन उंबरे आहेत. शिंक आली तरी पाटावर बसू नकोस. प्रत्येक उंबरा तुझं काहीतरी ठेवून घेईल."

राणीने लेकीचं झबलं छातीशी धरलं आणि निघाली. वाड्याच्या उंबऱ्यावर आत्याबाई शिंकल्या. "सूनबाई, मागे फिर! अगं, बस पाटावर!" राणी थांबली नाही. पलीकडे गेल्यावर तिला झबल्यातला ओव्याचा वास येईना.

वेशीपाशी सारे पहारेकरी एकदम शिंकले. राणीने ओठ चावून पाऊल टाकलं. ओठातून रक्त आलं, पण ते खारट लागलं नाही. गेली चवही.

गुहेच्या उंबऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. तिथे ती स्वतःच शिंकली. तशीच आत शिरली आणि तिचा आवाज बसत चालला.

"कोण?" कालकंठाने विचारलं.

"मोहोर फोडणारी." मग तिने सगळं सांगितलं. पहिली वाटी, नंतरच्या वाट्या, रणोजीचं ते पाहणं.

"हे मला ठाऊकच होतं. जिथे गप्प बसलीस तिथे बोल," कालकंठ म्हणाला. "आता एकदाच बोलण्यापुरता आवाज उरलाय. जपून ने."

राणी परतली तेव्हा मंजुळा क्षीण आवाजात हाका मारत होती, "आई, आलीस?" राणीने ओ दिली नाही. दारावरून तशीच पुढे दरबारात गेली. पायरीशी रणोजीची बायको गिरजा पांढऱ्या कपाळाने बसली होती. तिच्याकडे बघत राणी बोलली, "मोहोर मी फोडली. वाट्या मी भरल्या. वैद्यांशी खोटं मी बोलले. रणोजीचा दोष नव्हता."

शेवटच्या शब्दाबरोबर आवाज संपला. तोच नगरातल्या प्रत्येक नाकातून पांढरं धुकं निघालं, तळघराच्या पायऱ्या उतरलं आणि रांजणात जाऊन बसलं. झाकण आपोआप लागलं. गाड्या निघाल्या, तिरड्या उचलल्या. मंजुळेने छातीभर श्वास घेतला आणि मऊ भात मागितला. राणीला भाजलेल्या ओव्याचा वास आला, गालावरून ओघळलेलं पाणी खारट लागलं. आवाज मात्र आला नाही.

गिरजा उठली. "महाराज, हिवाळा ठेवीत परत गेला. माझा माणूस?"

राजा सिंहासनावरून उतरला. "शिक्षा मी दिली, विचारपूस न करता," म्हणाला, आणि रणोजीचा भाला त्याने तिच्या पायाशी ठेवला. गिरजेने भाला उचलला आणि राणीच्या हातात दिला.

"पहारा रिकामा आहे, राणीसाहेब."

राणीने भाला घेतला आणि पायऱ्या उतरली. अजूनही वैशाखातल्या दुपारी ती त्या दाराशी उभी असते. मंजुळा माठातलं कोमट पाणी घेऊन खाली येते, दोघी पितात, बोलते एकटी मंजुळा.

वर वैद्यबुवा, आत्याबाई आणि सुईण अजून भांडताहेत, गुण कुणाच्या औषधाचा म्हणून. भांडू द्या. तुम्ही मात्र, मंडळी, एवढी विनंती ऐका: घरात कुणी आजारी पडलं की औषधाच्या वाट्या मोजाल, तशा लपवून दिलेल्या वाट्याही मोजा. हिशोब खरा ठेवा, आणि तुमच्यासाठी कुणी भिंतीकडे तोंड केलं असेल, तर त्याचं नाव त्यात आधी धरा.