बिनब्रेकची चाकं

"आणि थांबले, तर मग मी कोण उरते, मास्तर?"

कुडचे मास्तर घरापुढच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. समोरच मिरजेची ती जुनी सिमेंटची स्केटिंग रिंक. असं विचारणाऱ्या वैजयंतीला चाकांच्या बुटांवर पहिल्यांदा उभं केलं ते त्यांनीच. पुढं ही पोरगी लांब पल्ल्याच्या शर्यतींत अशी काही पळाली, की देशात तिच्यापुढं कुणी टिकेना.

आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलेलं, आणखी एक शर्यत केलीत तर धड चालताही यायचं नाही.

आणि बाईसाहेब आल्या होत्या त्याच एका शर्यतीसाठी आशीर्वाद मागायला!

"बस आधी. तुझ्या काकूनं थालीपीठ लावलंय."

"वेळ नाही, मास्तर. तुम्ही नुसतं हो म्हणा."

वेळ तिला कधीच नव्हता. या घरचा चहासुद्धा तिनं कायम उभ्यानंच प्यायलेला.

मास्तरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"बूट आणलेस ना? मग मार दोन-चार फेऱ्या. आरामात. आणि माझ्यासमोर येऊन थांब."

ती सुटली. कमरेत वाकलेली, एक हात पाठीवर, नजर पुढच्या जमिनीवर. काय देखणी पळायची! मास्तरांचे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या फेरीला ती तशीच वाकून आली, मागचा पाय आडवा घासला आणि कचकन थांबली, थेट मास्तरांच्या नाकासमोर. मग गुडघा धरून खालीच बसली.

"दुखलं?"

तिनं बुटाची नाडी उगाचच ओढून घट्ट केली.

"लहानपणी विचारायचीस, या बुटांना ब्रेक का नाही म्हणून."

"तुम्ही म्हणायचात, लागत नाही."

"मग आता एकच फेरी. हळू. शर्यत संपते ती ओळ ओलांडलीस की पाय घासायचा नाही. काहीच करायचं नाही. नुसतं सरळ उभं राहायचं."

"सरळ? सगळा वारा अंगावर येईल की! त्याला चुकवायलाच तर जन्मभर वाकले मी."

"येऊ दे."

ती गेली. ओळ ओलांडली. कंबर सरळ केली...

वारा छातीवर आला. चाकं आपोआप मंदावत गेली. मान वर होती, म्हणून तिला दारात उभी असलेली काकू दिसली. पदराला हात पुसत होती. किती थकली होती काकू! कधी थकली?

रिंकच्या पार पलीकडच्या टोकाला चाकं थांबली. गुडघा दुखला नाही. वैजयंतीला मात्र रडू फुटलं.

"मास्तर, मी तुमच्यापर्यंत पोचलेच नाही हो!"

मास्तर काठी टेकत उठले. काकू थालीपिठाची ताटली घेऊन मागोमाग निघाली. दोघं म्हातारी आपापल्या चालीनं सबंध रिंक चालत आली. चांगलाच वेळ लागला. ती जागची हलली नाही.

मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं, तू थांबल्याशिवाय आम्ही तुला गाठायचं कसं?"