ठमाईची वाट

फार वर्षं झाली याला. तेव्हा मोकळवाडीला मोकळवाडी कुणी म्हणत नव्हतं, कारण वाडीच नव्हती. वर नुसतं पठार होतं, कारवीनं भरलेलं, आणि खाली घाटाच्या पायथ्याशी एक मोठं गाव होतं. त्या गावात एक देशमुख होता आणि एक सुईण होती. देशमुखाचं नाव आज कुणाला आठवत नाही. सुईणीचं नाव ठमा.

ठमाला स्वतःचं मूल नव्हतं. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला. पण तिच्या हाताला यश होतं. बाई कितीही अडलेली असो, ठमानं पोटावरून तेलाचा हात फिरवला की मूल वाटेला लागायचं. असं म्हणतात, ती पोटाला कान लावून आतल्या मुलाशी बोलायची आणि मूल तिचं ऐकायचं.

एका साली देशमुखानं गढी बांधायला काढली. सगळ्या गावानं वेठीला जायचं, दगड वाहायचे. एक बाई दिवस भरलेली होती. तिला कळा सुरू झाल्या तशी ती मुकादमाला म्हणाली, "मला घरी जाऊ द्या." मुकादम म्हणाला, "एवढी रांग संपव आणि जा." ठमाला कुणीतरी निरोप दिला. ती धावत आली, तर दारावरचा माणूस तिला आत सोडीना. तिला आत सोडलं तोवर मूल दगडांच्या राशीत जन्मून मेलेलं होतं.

ठमानं ते पदरात घेतलं आणि चावडीपुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "या मातीत मी पुन्हा मूल उतरवणार नाही. ज्यांना लेकरं जगायला हवीत त्यांनी माझ्यामागून यावं."

आणि ती घाट चढायला लागली.

थोडी घरं तिच्यामागून निघाली. कुणी कुणबी, कुणी कुंभार, एक म्हाराचं घर, रायबा नावाचा एक तरणा धनगर. खाली असताना एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं वर पोचली तेव्हा एकाच झऱ्याला तोंड लावून प्याली. पठारावर पाटील नव्हता, कुळकर्णी नव्हता, सारा मागायला कुणी येत नव्हतं. त्यांनी हातात माती घेऊन शपथ घेतली. जमीन सगळ्यांची. पेरायची सगळ्यांनी, कापायची सगळ्यांनी, आणि दाणे एकाच कणगीत टाकायचे. ज्या घरात जितकी तोंडं, तितकं त्यानं न्यायचं. बांध कुणी घालायचा नाही. म्हणून मोकळवाडी.

ठमानं मात्र चूल मांडली नाही. प्रत्येक चुलीवर तिचा हक्क होता. आज या घरी, उद्या त्या घरी. ती दारात आली की माणसं पाट मांडायची.

वाडीतलं पहिलं मूल कासूचं. कासू म्हणजे कुंभाराची सून. मूल उतरलं ते निळं पडलेलं, श्वास नाही. असं म्हणतात, ठमानं त्याला उचलून बाहेर आणलं आणि उघड्या मातीवर ठेवलं. पहिली फुंकर घातली तेव्हा पठारावरचा वारा पडला. दुसरी घातली तेव्हा पाखरं गप्प झाली. तिसऱ्या फुंकरीला पोर असं रडलं की खालच्या गावात देशमुखाच्या हातातला पेला खाली पडला. त्याचं नाव निंबा ठेवलं.

त्याची नाळ कुठं पुरायची हे विचारायला कासूचा सासरा आला. आपल्या घराच्या उंबऱ्याशी पुरावी असं त्याच्या मनात होतं. ठमा म्हणाली, "घराशी नको." ती उठून शिवाराच्या मधोमध गेली आणि तिथं नाळ पुरली. "आता सगळं शिवार याचं घर," ती म्हणाली. त्यानंतर वाडीतल्या प्रत्येक पोराची नाळ तिनं तिथंच पुरली. आणि असं म्हणतात की, तिच्या हयातीत पठारावर एकही मूल दगावलं नाही, एकही बाळंतीण गेली नाही. एकच दिवस सोडून. तो पुढं येतोय.

पोरं मोठी झाली. ठमाची ठमाई झाली. निंबा तर तिच्याच मांडीवर वाढला होता. दांडगा निघाला. दोन बैलांचं काम एकटा ओढायचा. कारवी तोडून त्यानं कितीतरी नवं रान मोकळं केलं. पण कणगीतून दाणे न्यायची वेळ आली की त्याच्या घरात तोंडं दोन, आणि शेजारी, जो दुखरी कंबर घेऊन सावलीला बसायचा, त्याच्या घरात तोंडं आठ. निंबा आधी हसण्यावारी न्यायचा. मग हसेनासा झाला. मग एका सुगीला त्यानं बैठक बोलावली.

"माझ्या घामाचं माझ्या कणगीत पडू दे," तो म्हणाला. "मला कुणाचं नको. माझं मला द्या."

माणसं खाली बघत राहिली. खाली बघत राहिली म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं. एकटा रायबा, आता म्हातारा झालेला, तेवढा बोलला, "पोरा, आम्ही हातात माती घेऊन शपथ घेतलीय."

"तुम्ही घेतलीय," निंबा म्हणाला. "मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

ठरलं. चुलीमागं एक वाटा. ज्याची चूल, त्याची जमीन. लोकांनी दोऱ्या काढल्या, दगड उचलले. बैठक उठायला लागली तेव्हा ठमाई म्हणाली, "आणि माझं?"

निंबा खाली वाकून दोरी गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, तुझी चूल कुठाय?"

"मी चूल मांडली नाही. तुमच्या सगळ्यांच्या माझ्याच होत्या."

"मग आताही आहेत की. येत जा जेवायला. कोण नाही म्हणतंय?"

कुणीच नाही म्हटलं नाही, हे खरं. पण जमीन आपापली झाली तसे दाणेही आपापले झाले. ठमाई ज्या दारात जाई, तिथली बाई मनात म्हणे, काल ती शेजारी जेवली असेल. शेजारीण म्हणे, आज ती तिकडं जेवेल. पाट मांडायचे राहू लागले. ठमाई दारात थोडा वेळ उभी राही आणि पुढं जाई. तिनं कुणाला मागितलं नाही.

हद्दीचे दगड पुरत पुरत निंबा शिवाराच्या मधोमध आला. त्याच्या वाट्याची हद्द नेमकी नाळा पुरल्या होत्या तिथून जात होती. ठमाई आडवी आली नाही. बाजूला उभी राहून बघत राहिली. निंबानं पहार उचलली आणि घाव घातला.

असं म्हणतात, त्या घावासरशी पठारावर जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या बेंबीत कळ उठली. आउताच्या मागं असलेला आउतामागं वाकला, दळणारी जात्यावर वाकली, पाळण्यातली पोरं किंचाळली. निंबाच्या हातून पहार पडली आणि तो गुडघ्यांवर आला. उभी राहिली ती फक्त खालून आलेली म्हातारी माणसं.

ठमाई पुढं आली. खड्ड्यात माती लोटली, वर तळवा दाबून धरला, तेव्हा कुठं कळ थांबली.

सगळी वाडी पोट धरून तिथं गोळा झाली. माणसं घाबरली होती. म्हणाली, "आई, हा तुकडा तुझा. इथं कुणी पाय देणार नाही."

"माझा म्हणू नका," ठमाई म्हणाली. "माझा म्हटलं की मीही तुमच्यातलीच एक झाले."

लोकांनी तेवढा तुकडा सोडला. बाकीचे दगड होते तिथंच ठेवले. पुढच्या वर्षी दगडांवर भागेना म्हणून करवंदीच्या काट्यांची कुंपणं आली. ठमाई त्या तुकड्यावर राहू लागली. चारी बाजूंनी कुंपण आणि मध्ये ती. पाऊस आला तर एक इरलं डोक्यावर घ्यायची. काय खायची कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही, तर माहीत कसं असणार?

मग निंबाच्या बायकोचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण. भर सकाळी कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. निंबा कुंपणाशी येऊन ओरडला, "आई, चल लवकर."

ठमाई उठली. त्या तुकड्यावरून निंबाचं घर समोर दिसत होतं. बाई ओरडत होती ते ऐकू येत होतं. पूर्वी ती सरळ चालत गेली असती. आता मध्ये कुंपणं होती. निंबानं आपल्या काट्या ओढायला घेतल्या, पण त्या त्यानंच इतक्या घट्ट रोवल्या होत्या की हात रक्ताळले तरी निघेनात. ठमाई शेजारच्या वावराकडं वळली. तिथं नाचणी कणसावर आली होती. वावराचा धनी तिच्याच हातावर जन्मलेला. तो म्हणाला, "आई, पीक उभं आहे गं. जरा बांधावरून जा."

ती बांधावरून गेली. तो बांध दुसऱ्या बांधाला मिळाला, दुसरा तिसऱ्याला. म्हातारी, उपाशी बाई, उन्हात, वीतभर रुंदीच्या बांधावरून सगळ्या शिवाराला वळसा घालत गेली. ती दारात पोचली तेव्हा घरात आवाज नव्हता. बाई वाचली. मूल गेलं होतं.

ठमाईनं त्याला बाहेर आणून मातीवर ठेवलं. पहिली फुंकर घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. वारा वाहतच होता. पाखरं बोलतच होती.

निंबा म्हणाला, "उशीर केलास तू, आई."

"उशीर मी नाही केला," ठमाई म्हणाली. "वाट लांब झाली." मग तिनं ते पोर पदरात घेतलं आणि जमलेल्या सगळ्यांकडं बघत म्हणाली, "खाली एक देशमुख होता. इथं घरटी एक झाला."

यानंतर ती कुणाशी बोलली नाही. आली तशीच बांधाबांधानं परत गेली, मूल त्या तुकड्यात पुरलं आणि शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी लोक भाकरी घेऊन गेले. सगळ्याच घरांतून, एकाच वेळी. पण तिथं कुणी नव्हतं. कुणी म्हणतं, मातीनं तिला पोटात घेतलं. कुणी म्हणतं, ती घाट उतरून गेली आणि दुसरं पठार शोधत फिरतेय. असं म्हणतात की, अजून तिला सापडलेलं नाही.

निंबानं त्याच आठवड्यात आपलं कुंपण जाळलं आणि हद्दीचे दगड उपटून टाकले. माझं रान सगळ्यांचं, म्हणाला. तेव्हा चारी बाजूंच्या लोकांनी आपापले दगड थोडेथोडे पुढं सरकवले. रायबाही त्यात होता. दोन सुग्या गेल्यावर निंबानं कुंपण पुन्हा घातलं. आत आता जमीन कमी होती.

आज मोकळवाडीत विजेची तार आली आहे, घाटातून जीपगाडी वर येते, सातबाऱ्यावर सगळ्यांची वेगवेगळी नावं आहेत. तो तुकडा मात्र कुणाच्या नावावर नाही आणि तिथं कुणी पेरत नाही. आणि एक रीत आम्ही अजून पाळतो. कुठल्याही घरात बाईला कळा सुरू झाल्या की त्या घरातला माणूस बाहेर येऊन थाळी वाजवतो. थाळी ऐकली की हातातलं काम टाकून प्रत्येकानं आपल्या कुंपणाच्या काट्या बाजूला ओढायच्या. मग दाई असो, नर्सबाई असो, गाडीपर्यंत खाट नेणारी माणसं असोत, पीक तुडवत सरळ जायचं. त्याला ठमाईची वाट म्हणतात. त्या वेळी नाचणी तुडवली म्हणून कुणी कुणाला बोलत नाही. नंतर बोलतात.

मूल रडलं की वाट संपते. मग सगळ्या शिवारातून काट्या परत ओढल्याचा खरखराट येतो. मोकळवाडीत जन्मलेल्या प्रत्येकानं स्वतःच्या रडण्यानंतर ऐकलेला पहिला आवाज तोच.