आठ दोऱ्यांचा चेहरा

"कोण पाहिजे आपल्याला?"

दारातच हा प्रश्न आला आणि हेमलताबाई मनातून सुखावल्या. ज्या अंबूताईंसमोर आपण तीस वर्षं बसून गाणं शिकलो, त्यांनीच ओळखू नये! म्हणजे डॉक्टरांनी काम चोख केलं होतं.

बरं, म्हातारीची नजर अधू म्हणावी, तर तेही नाही. ऐंशी ओलांडलेल्या अंबूताई मांडीवर तंबोरा आडवा घेऊन सूर घुमावा म्हणून तारांखाली घालतात ते जवारीचे दोरे केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसल्या होत्या. तेही चष्म्याशिवाय.

"ताई, मी हेमलता."

"असं? बसा."

हेमलताबाई ऐटीत बसल्या.

"चेहऱ्यात दोरे घालून घेतले, ताई. कातडीखालून घालतात आणि वर ओढून घेतात. पाळी गेल्यापासून गाल नुसते ओघळले होते. गेल्या साली एका आयोजकानं तोंडावर विचारलं, 'बाई, एखादा जुना फोटो आहे का?'"

ते वाक्य त्यांना अजून सलत होतं.

"आता विचारा म्हणावं! शनिवारी तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी गाणार, तुमच्या हातून हा तंबोरा घेणार. पत्रिकेवरचा फोटो चाळिशीतला आहे. त्याच्याशी चेहरा जुळायला नको?"

"किती दोरे?"

"दोन्ही बाजूंना चार-चार."

"माझ्या तंबोऱ्याचं चारांत भागतं."

हेमलताबाई हसल्या नाहीत. मोठ्यानं हसायला डॉक्टरांची बंदीच होती.

"बरं, सा लावा."

हेमलताबाईंनी हात गालाशी नेला.

"ताई, तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही म्हणालेत. दहाच दिवस झालेत. शनिवारी अर्ध्या तोंडानं निभावून नेईन मी. माझं नाव झालंय आता, लोकांना कुठं कळतंय?"

अंबूताईंनी कोनाड्यातली पत्रिका काढली. फोटो निरखला, मग समोरची बाई निरखली.

"जुळतोय खरा."

मग समोरच्या सतरंजीवर, शिष्येच्या जागी, तक्क्याला टेकवून ती पत्रिका उभी केली आणि तंबोरा छेडला.

"ताई, हे काय?"

"आमची शिष्या गाणार आहे. ऐकू या."

तंबोरा घुमत राहिला. फोटोतली बाई हसत राहिली...

तीस वर्षं त्या जागेवर हेमलताबाईंनी कुणाला टिकू दिलं नव्हतं. भल्याभल्या घरच्या मुली आल्या, चार महिने गायल्या आणि गेल्या. आणि आज तिथे ही चाळिशीतली बया ठाण मांडून बसली होती! गळ्यातून एक सूर निघायची सोय नाही आणि तंबोरा मात्र हिच्यासाठी वाजतोय.

हेमलताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उठल्या. पत्रिका उचलून पालथी टाकली, आपल्या जागेवर बसल्या आणि तोंड पूर्ण उघडून सा लावला.

डाव्या कानाशी दोरा तुटल्यासारखी कळ उठली. गालाला खळगा पडला, डोळ्यांत पाणी आलं. सूर मात्र जागचा हलला नाही.

अंबूताईंनी डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ नुसतं ऐकलं...

मग डोळे उघडून त्यांनी समोर पाहिलं.

"अगं हेमे... कधी आलीस?"