पिझ्झाच्या नावाचा मान

इटलीतल्या एका गावात एकच भट्टी होती, आणि ती दोघा मित्रांची होती. तोमाझो कणीक मळायचा, गास्पारे भट्टी सांभाळायचा. त्यांच्या हातचा पिझ्झा अख्खं गाव खायचं.

एकदा एक भाषापंडित तिथे जेवायला थांबले. तोमाझोने सहज विचारलं, "गुरुजी, हा 'पिझ्झा' शब्द आला तरी कुठून?"

पंडित म्हणाले, "नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतात, कुटणे-दाबणे अशा अर्थाच्या जुन्या शब्दातून आला. कुणी म्हणतात, डांबरासारखं काळं या अर्थाच्या शब्दातून. भट्टीत कड काळी पडते ना, म्हणून. आणखीही मतं आहेत."

सहज विचारलेलं, सहज सांगितलेलं. इथेच थांबायला हवं होतं.

"ऐकलंस? दाबणे!" तोमाझो म्हणाला. "म्हणजे नाव माझ्या हातांमुळे पडलं."

"असं? मग तुझी दाबलेली कणीक कच्चीच खाऊ दे लोकांना!" गास्पारे म्हणाला. "कड काळी करतो तो विस्तव. आणि विस्तव माझा."

"अहो, मी 'कुणी म्हणतात' असं म्हणालो!" पंडित घाबरून म्हणाले. पण ते ऐकायला दोघांनाही सवड नव्हती.

आधी नुसती चेष्टा होती. मग टोमणे सुरू झाले. मग तोमाझोने दारावर पाटी लावली, 'पिझ्झाचे खरे जनक'. त्या दिवशी गास्पारेने भट्टी पेटवलीच नाही. एकाकडे भिजवलेली कणीक, दुसऱ्याकडे रचलेली लाकडं. गिऱ्हाइकं शेजारच्या गावी जाऊ लागली.

तोमाझोची बायको निनेत्ता म्हणायची, "अहो, जा ना त्याच्याकडे. नुसतं 'चल, भट्टी पेटव' एवढं म्हणा. येईल तो."

"आधी त्याने कबूल करू दे," तोमाझो म्हणायचा. "बघू उद्या."

असे किती उद्या गेले! थंडीत गास्पारे तापाने आजारी पडला आणि त्यातच गेला.

पुढे एका सकाळी तोमाझोने स्वतःच भट्टी पेटवली. पिझ्झा आत सारला. एक बाजू करपत होती, दुसरी कच्चीच दिसत होती. काढावा की ठेवावा, त्याला काही कळेना.

"बघ रे जरा, झालाय का?" म्हणत तो मागे वळला.

मागे कुणीच नव्हतं.

तात्पर्य: जे कुणालाच नक्की ठाऊक नाही, त्याच्या मानापायी जो नक्की आपला आहे, त्याला दुरावू नये.