आठ दिवस न आलेला जबाब

एकदा एक तरुण शाहीर स्त्री पेढ्यांचा पुडा आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी निघाली. तिचे नाव समिधा. विजयाची वार्ता गुरूंना प्रथम आपल्या तोंडून कळावी, अशी तिची इच्छा होती. वास्तविक ती वार्ता आदल्याच दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पडली होती आणि टाकणारीही तीच होती. पण गुरू भागोजीबुवा ग्रुपवरचे काही वाचत नाहीत, असा तिचा समज होता.

खाडीच्या अल्याड समिधेचे गाव, पल्याड दुसरे. दोन्ही गावांचे शाहिरी फड कित्येक पिढ्या एकमेकांना सवाल घालत आले होते. एकाने गाण्यातून कोडे घालावे, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवावे. पूर्वी हे मैदानात समोरासमोर चाले. पुढे दोन्हीकडची माणसे नोकरीधंद्यासाठी पांगली, तेव्हा सवाल छोट्या व्हिडिओंच्या एका ॲपवर जाऊन बसले. नियम मात्र जुनेच राहिले. मुदत आठ दिवसांची. जबाब सवालाच्या शेजारी, एकाच चौकटीत, ड्युएट करूनच जोडायचा, म्हणजे पाहणाऱ्याला दोन्ही शाहीर समोरासमोर दिसावेत. जबाब येईपर्यंत दोन्ही फडांनी परस्परांशी अबोला धरायचा, फोनसुद्धा नाही, कारण बोलता बोलता उत्तर निसटते. आणि जो हरेल त्याने वर्षभर फेटा बांधायचा नाही.

पल्याडच्या फडाची शाहीर होती दीपश्री. त्या गावात फेटा बांधणारी ती पहिलीच बाई. त्या एका फेट्यासाठी ती चार वर्षे मंडळाशी आणि सासऱ्यांशी भांडली होती, हे खाडीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होते. समिधेलाही ठाऊक होते. आज आठवा दिवस. सूर्य मावळेपर्यंत जबाब आला नाही तर तो फेटा उतरणार होता.

समिधेचा पहिलावहिला सवाल असा होता: एकाच तोंडाची फुंकर एका विस्तवाला मारते आणि दुसऱ्याला जगवते, तर त्या दोघांची नावे सांग. हे कोडे रचायला तिला दोन महिने लागले होते, आणि टाकल्यानंतर दोनच मिनिटांत ते फार सोपे आहे अशी तिची खात्री पटली होती. पहिल्या दिवशी तिने चाळीस वेळा फोन पाहिला. मुलीच्या वरणात दोनदा मीठ घातले. दुसऱ्या दिवशीही जबाब नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी तिला वाटू लागले की कोडे दिसते तेवढे सोपे नसावे. सहाव्या दिवशी त्यात तिला स्वतःलाच काही गूढ अर्थ दिसू लागला. जन्मभर स्वतःविषयी शंका घेत आलेल्या बाईला आठवडाभराच्या शांततेने विदुषी करून टाकले, आणि सातव्या दिवशी तिने ग्रुपवर विजय जाहीर केला.

बुवा पडवीत ढोलकीची दोरी ताणत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. अभिनंदन केले नाही. पुडा उघडला, एक पेढा उचलला आणि आपल्या हाताने समिधेच्या तोंडात घातला. ती संकोचून हसली. त्यांनी दुसरा घातला. मग तिसरा, मग चौथा. गुरूच्या हातचा प्रसाद थुंकता येईना आणि गिळताही येईना.

"आता माझा सवाल," बुवा म्हणाले. "मुदत दहा आकड्यांची. सांग पोरी, तुझं नाव काय?"

समिधेने डोळे विस्फारले. तोंडातून निघाला तो केवळ एक दुधाळ हुंकार. बुवा शांतपणे आकडे मोजत राहिले. सातव्या आकड्याला आईची दया येऊन मुलगी म्हणाली, "मम्मी."

"प्रेक्षकांनी उत्तर द्यायचं नाही," बुवांनी तिला गंभीरपणे समजावले, दहा म्हटले आणि विजयाची थाप वाजवली. तेवढ्याने भागले नाही. गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडच्या शेजारणीला त्यांनी हाक मारून सांगितले की आमच्या शिष्येला स्वतःचे नाव येत नाही. शेजारीण गडग्यापाशी आली, समिधेच्या फुगलेल्या गालांकडे तिने निरखून पाहिले आणि म्हणाली, "लेकरू झाल्यावर होतं हो असं थोडंफार."

तांब्याभर पाणी पिऊन समिधेला वाचा फुटली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते.

"बुवा, तोंड तुम्हीच भरलंत. मी उत्तर देणार कसं?"

"मग दीपश्रीनं कसं द्यायचं?"

तिला अर्थ कळेना. बुवांनी बंडीच्या खिशातून आपला तडा गेलेला फोन काढला. पाचव्या दिवशी गंमत म्हणून ते स्वतःच जबाब जोडायला गेले होते. समिधेचा व्हिडिओ दिसत होता. ड्युएटचे बटण मात्र कुठेच नव्हते. खाली दोन शब्द लिहावेत म्हटले तर तीही सोय नव्हती. दोष आपल्या फोनचा असेल असे तेव्हा त्यांना वाटले होते; काल ग्रुपवर विजय वाचला तेव्हा उलगडा झाला: तिचे खाते खाजगी. ज्यांना तिने आत घेतले होते त्यांनी हात बांधून नुसते पाहत बसायचे.

समिधेला आता सारे आठवले. दोन वर्षांपूर्वी तिने मुलीचा रडतानाचा एक व्हिडिओ कौतुकाने टाकला होता. कोण्या अनोळखी माणसाने त्याच्या शेजारी स्वतःचे खिदळणे जोडले आणि हजारो लोक तिच्या लेकरावर हसले. त्या दिवशी तिने ॲपमधले प्रत्येक दार लावून घेतले होते. कोण पाहू शकेल, कोण लिहू शकेल, कोण जोडू शकेल, असे ॲप विचारत गेले आणि ती 'कोणीही नाही' दाबत गेली. पुढे लावलेल्या दारांची इतकी सवय झाली की ती आहेत याचाच विसर पडला.

"मी मुद्दाम नाही केलं, बुवा," ती हळूच म्हणाली.

"मुद्दाम केलं असतंस तर तुला दारातूनच परत धाडली असती. पेढे ठेवून घेतले असते." मग त्यांचा स्वर उतरला. "लेकरासाठी दार लावलंस, ते योग्यच केलंस. ते उघडू नकोस. पण लेकरू घरात सांभाळायचं असतं आणि सवाल जगात सोडायचा असतो. तू दोघांना एकाच खोलीत कोंडलंस. सवाल कोंडला की त्याचा जबाबही बाहेरच राहतो. मग जी शांतता पसरते ती समोरच्याच्या अज्ञानाची आहे की आपल्या कडीची, हे तपासावं लागतं. आपण तपासत नाही, कारण शांततेचा जो अर्थ आपल्याला मोठं करतो तो आपल्याला लगेच पटतो."

एवढे बोलून ते पुन्हा ढोलकीकडे वळले. समिधेने फोन काढला.

काम वाटले तितके सोपे नव्हते. खाते सर्वांना खुले करायचे म्हणजे मुलीचे सव्वीस व्हिडिओही खुले होणार. म्हणून आधी ते सव्वीस एकेक करून 'फक्त मी' या पेटीत ठेवणे आले. प्रत्येक व्हिडिओमागे ॲप विचारी, तुमची खात्री आहे का? समिधा प्रत्येक वेळी बुवांकडे पाही. सहाव्या वेळी बुवा चष्मा सावरत फोनकडे झुकले आणि त्यालाच म्हणाले, "बाबा रे, हिला नको विचारूस. हिला कशाचीच खात्री नसते."

मग खाते खुले केले. ड्युएट कोण करू शकेल, तिथे 'सर्वजण' केले. बुवांनी आपल्या फोनवर पाहिले, बटण नाहीच. शोधता शोधता कळले की प्रत्येक व्हिडिओला त्याची स्वतःची आणखी एक कडी असते. सवालाच्या व्हिडिओवरचे तीन ठिपके दाबून तीही काढली. तेव्हा कुठे बटण उगवले.

ऊन उतरणीला लागले होते. मावळतीला दोनच तास उरले होते. गप्प राहिली असती, तर नियमाने समिधाच जिंकण्याची शक्यता अजून शाबूत होती. आठ दिवस वाट पाहून थकलेली दीपश्री पुन्हा बटण शोधायला येईलच असे नव्हते. बुवा ढोलकीची दोरी ताणत राहिले. समिधेने ग्रुप उघडला. दोन महिन्यांत सवाल रचणाऱ्या शिष्येला चार ओळी लिहायला अर्धा तास लागला, कारण मधल्या मधल्या सबबी ती लिहून पुसत होती. शेवटी उरले ते एवढेच: "कालचा विजय मी मागे घेते. माझ्याच सेटिंगमुळे जबाब जोडता येत नव्हता. आठ दिवस आजपासून धरावेत. हे पल्याडच्या मंडळाला कोणीतरी कळवा." त्यावर पहिला प्रश्न तिच्या दिराचा आला: मग पेढे परत करायचे का?

जबाब अकरा मिनिटांत आला.

डाव्या चौकटीत समिधा, उजवीकडे दीपश्री. डोक्याला हिरवा फेटा, कडक बांधलेला. ती बांधून तयारच बसली असावी. तिने पहिल्याच ओळीत दिवा सांगितला, दुसऱ्या ओळीत निखारा. समिधेने मान खाली घातली. सोपेच होते तर. पण दीपश्री थांबली नव्हती.

*फुंकरीनं दिवा गेला, निखारा तो जागा झाला,*
*तिसरी फुंकर विसरलीस गं, ठेच लागली लेकराला;*
*पेटवी ना, विझवी ना ती, तरी दाह शांत झाला.*

समिधेने व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा. ती फुंकर ती स्वतः दिवसातून पाच वेळा घालत होती, कधी गुडघ्यावर, कधी बोटावर. आणि दोन महिने फुंकरीवरच कोडे रचताना ती तिला एकदाही सुचली नव्हती.

"बुवा," ती म्हणाली, "सवाल माझा होता, आणि मलाच तो पुरता ठाऊक नव्हता."

बुवांनी मान डोलावली.

जबाब आला म्हणजे अबोला संपला. समिधेने दीपश्रीला फोन लावला. पलीकडून कळले की तिने आठ दिवसांत तीन फोन बदलून पाहिले होते, तालुक्याला जाऊन दुकानदाराशी भांडून आली होती, आणि आज सकाळी सासऱ्यांनी फेटा ठेवायची पेटी माळ्यावरून काढून ठेवली होती. समिधेने क्षमा मागितली. दीपश्री म्हणाली की ती पेटी तिने आत्ताच मुलाला खेळणी ठेवायला दिली. त्यानंतर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या, आणि सवाल-जबाबाविषयी फारसे काही बोलल्या नाहीत.

जगाकडून उत्तर येत नसेल, तर जग हरले असे मानण्याआधी आपले दार एकदा बाहेर जाऊन ढकलून पाहावे.