नादारीची यादी

“उस्ताद, तिच्या वडलांचं नाव यादीतून वगळलं तर चालेल ना? तिला कळायचं नाही.”

पडद्याआड चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या अक्षदाला ते कळलं.

पुरुषांचं महत्त्वाचं बोलणं चहा येण्याआधी उरकतं, एवढं तिला लग्नानंतरच्या चार महिन्यांत समजलं होतं. म्हणून आज तिनं चहा लवकर आणला होता.

तिच्या वडलांनी, आण्णांनी, जावयाला पैसे दिले होते, हे मात्र ती आत्ता ऐकत होती.

आपल्या कामाच्या खोलीत, वाळलेल्या भोपळ्यांच्या गराड्यात बाबालाल उस्ताद बसले होते. तिचा नवरा भरतेश त्यांच्याच हाताखाली तंबोरे करायला शिकला. मग मिरजेत भागेना म्हणून त्यानं कर्ज काढून पुण्यात काचेच्या दर्शनी भागाचं तंबोऱ्यांचं दुकान थाटलं. उस्ताद नको म्हणत होते. दीड वर्षात दुकान बुडालं.

उद्या अकराला वकील कोर्टात नादारीचा अर्ज देणार होते. कर्ज फेडणं माझ्या हाताबाहेर गेलंय, जे आहे ते विकून सगळ्यांना वाटून द्या, असा त्याचा अर्थ. सोबत ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांची यादी, शपथेवर. एक जरी नाव लपवल्याचं उघड झालं, तर अर्ज फेटाळतील आणि वसुलीवाले पुन्हा दारात येतील, असं वकिलांनी बजावलं होतं.

अक्षदा आत आली. बोलणं थांबलं.

“मोतीबिंदू पिकलाय माझा,” उस्ताद म्हणाले. “पोरी, यादी तू वाच.”

यादी तिच्याच अक्षरात होती. भरतेशनं सांगितली तशी तिनं लिहिली होती. बँक. पतसंस्था. दुकानाचा मालक. लाकूडवाला. तारांचा व्यापारी. भोपळेवाला.

“संपली?”

“कागदावर संपली.”

भरतेशनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती चहाचे कप मांडत होती.

“माझे साठ हजार कुठायत?” उस्तादांनी विचारलं.

भरतेश बराच वेळ चटईच्या काड्या उपटत राहिला. मग म्हणाला, बँकेचं वेगळं, पण गुरूला कोर्टाची नोटीस कशी पाठवायची. दोन माणसं अशी आहेत की त्यांना त्या सहांच्या रांगेत बसवणं त्याला जमणार नाही. त्यांचं तो बाहेरच्या बाहेर, हळूहळू, फेडणार होता.

“म्हणजे मान देतोस आम्हाला.”

“हो.”

“ऊठ.”

उस्तादांनी त्याच्या दंडाला धरलं, चाचपडत दारापर्यंत नेलं, उंबऱ्याबाहेर उभं केलं... आणि आतून कडी लावली.

मग येऊन बसले. एक कप स्वतः घेतला, एक तिच्याकडे सरकवला. तिसरा तसाच राहिला.

“उस्ताद,” बाहेरून आवाज आला, “माझं काय चुकलं?”

“काही नाही. आत वाटणी चाललीय. तुझा मान मोठा, म्हणून बाहेर ठेवलाय.”

...

गल्लीतून कुणीतरी सायकलवरून विचारत गेलं, काय भरतेश, कारागिरीतनं काढलं का वॉचमन केलं?

अक्षदानं चहा प्यायला. साखर कमी पडली होती. आण्णांना निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा त्यांनी घराला नवे पत्रे घालायचं ठरवलं होतं, ते तिला आठवलं. पत्रे का घातले नाहीत, हे विचारायचं राहून गेलं होतं.

“सातवा मी,” उस्ताद म्हणाले. “लिही.”

तिनं लिहिलं. खाली आठ हा आकडा काढला आणि थांबली.

उस्ताद एवढंच म्हणाले, “कडी तुझ्या बाजूला आहे.”

ती उठली, दाराजवळ गेली. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. तिनं कडीला हात लावला नाही. कागद दारावरच टेकवला आणि पेनचं टोपण काढलं.

“अहो,” ती म्हणाली, “आण्णांचं नाव मला लिहिता येतं. आकडा तेवढा तुम्ही सांगा. मोठ्यानं.”